फटाका, झेंडी आणि जॅकेट

ब्रॉडगेजवर रूळ तुटलेला सापडला तर नियम असा आहे: तुटलेल्या जागेपासून ६०० मीटरवर रुळांवर आडवी लाल बॅनर झेंडी, आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके. फटाका म्हणजे डिटोनेटर. चपटी गोल डबी, तिला दोन्ही बाजूंना मऊ पट्ट्या. त्या रुळाच्या डोक्याखाली वळवून घट्ट बसवायच्या. इंजिनाचं चाक वरून गेलं की बार होतो. ड्रायव्हर धुक्यात असो, पेंगत असो, नाहीतर खिडकीबाहेर भलतीकडेच बघत असो, कानावर बार आले की त्याने गाडी आवरायची. त्यावर त्याचं मत कोणी विचारलेलं नाही.

माझी सगळी नोकरी या असल्या नियमांत गेली. इगतपुरीपासून मनमाडकडच्या पट्ट्यात मी पर्मनंट वे इन्स्पेक्टर होतो. रुळावरची माणसं त्याला पीडब्ल्यूआय म्हणतात. हल्ली मोटारसायकलवाल्यांत एक वाद ऐकू येतो: ते पोपटी-पिवळं चमकणारं जॅकेट घालून माणूस वाचतो, की नुसताच उठून दिसतो? वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसतं की ते जॅकेट मुळात त्यांचं नाहीच. ते आमच्या घरातून गेलेलं आहे. गेलं तेव्हा एकटंच गेलं. झेंडी, फटाका, शिटीचा बोर्ड, सगळं इथेच राहिलं.

रूळ सांभाळणाऱ्या आमच्या गँगला नारिंगी जॅकेटं आली ती माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात. त्याआधी खाकी, निळा, नाहीतर ज्याचा त्याचा सदरा आणि डोक्याला टॉवेल. जॅकेटं आली तेव्हा कौतुक कोणालाच नव्हतं. मे महिन्यात खडी ओढायची, वर ते प्लास्टिकसारखं कापड. आतून घामाने चिंब. माझी पुश ट्रॉली वळणावर दिसली की जॅकेटं बाभळीवरून उतरायची आणि अंगावर चढायची. मेटला, म्हणजे गँगच्या मुकादमाला, विचारलं तर तो म्हणायचा, "साहेब, हे घालून घमेलं उचलवत नाही." खोटं नव्हतं ते.

पण एक गोष्ट मी इंजिनात बसून पाहिली आहे. पीडब्ल्यूआयला अधूनमधून ड्रायव्हरशेजारी बसून आपला सेक्शन बघावा लागतो; आम्ही त्याला फूटप्लेट म्हणतो. रूळ कुठे हिसका देतो, कुठे गाडी डोलते, हे तिथे अंगाला कळतं. श्रावणात अस्वली-पाडळीच्या बाजूला दोन्ही अंगांना भातखाचरं. त्या हिरव्यात माझी गँग दूरवरून ठिपक्या-ठिपक्यांनी दिसायची. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेलेला असायचा. तीच गँग, तीच जॅकेटं, मे महिन्यातली संध्याकाळ, गाडी इगतपुरीकडे म्हणजे मावळतीकडे तोंड करून निघालेली: तांबूस मुरमाचं कटिंग, वाळून पिवळं पडलेलं गवत, समोरून डोळ्यांत घुसणारं ऊन. नारिंगी रंग त्यात बुडून जायचा. त्या वेळी आधी दिसायचा तो जॅकेट काढून नुसत्या पांढऱ्या बनियनवर उभा असलेला माणूस, ज्याला मी खाली उतरल्यावर रागावणार असायचो.

हे पुढे कामाला येईल. आधी जॅकेटचा जन्म.

चमकणाऱ्या रंगांची गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात सुरू होते. बॉब स्विट्झर नावाचा तरुण १९३० च्या दशकात टोमॅटोची खोकी उतरवताना पडला. डोक्याला मार, दृष्टीवर परिणाम. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं. त्याचा भाऊ जो, हौशी जादूगार. वडिलांचं औषधाचं दुकान. दोघा भावांनी अतिनील किरणांचा दिवा घेऊन रात्री दुकानातल्या बाटल्या तपासल्या आणि कोणकोणती रसायनं अंधारात उजळतात याची नोंद केली. आधी त्याचा उपयोग जादूच्या खेळात झाला. मग ते ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला गेले आणि दिवसाच्या उजेडातही पेटल्यासारखे दिसणारे रंग त्यांनी तयार केले. डे-ग्लो हे नाव पुढे त्यांच्या कंपनीलाच मिळालं. दुसऱ्या महायुद्धात या रंगाच्या कापडाचे मोठे तुकडे उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटात जमिनीवर पसरले जात, वरून जाणाऱ्या आपल्याच विमानांनी आपल्यावर बॉम्ब टाकू नयेत म्हणून. विमानवाहू जहाजांवर विमानांना खुणा करणारी माणसंही हे रंग वापरत. २०१२ साली अमेरिकन केमिकल सोसायटीने या शोधाला ऐतिहासिक मानचिन्ह दिलं.

यात जादू कसली? साधा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग परत फेकतो. हा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि थोडा निळा उजेड गिळतो, आणि तो पिवळ्या-हिरव्या किंवा नारिंगी उजेडाच्या रूपात बाहेर टाकतो. म्हणजे पडला त्याहून जास्त दिसता उजेड बाहेर येतो. आणि मधोमधचा पिवळा-हिरवा म्हणजे दिवसा माणसाच्या डोळ्याला सगळ्यांत लवकर जाणवणारा रंग. ढगाळ हवेत, तिन्हीसांजेला, हे कापड जास्त झळकतं कारण त्या वेळी बाकीचा उजेड मंदावलेला असतो. रात्री मात्र त्याचा जीव जातो. रस्त्यावरच्या दिव्यांत आणि गाड्यांच्या हेडलाइटमध्ये अतिनील किरण जवळपास नसतातच. रात्री अकराला नाशिकच्या द्वारका चौकात तुमचं महागडं पोपटी जॅकेट हे एक फिकट जॅकेट असतं, इतकंच.

रात्रीसाठी वेगळी विद्या: राखाडी चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात आणि ते उजेड जिथून आला तिथेच परत धाडतात. ही पट्टी थ्री-एम कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यांच्या पाट्यांसाठी काढली. तिचा गुण तोच तिचा दोष. उजेड जिथून आला तिथेच जाणार, दुसरीकडे नाही. मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यात तुमची पाठ लख्ख दिसेल. पण आडव्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मोटारीचे दिवे समोरच्या भिंतीवर पडलेले असतात, तुमच्यावर नाही. तुम्ही त्या उजेडात शिराल तेव्हा पट्टी चमकेल, आणि तोवर मोटारवाल्याने गाडी पुढे काढलेली असेल. मोटारसायकलवाल्याचा घात बहुधा होतो तो नेमका अशाच चौकात.

चमकणारी नारिंगी जॅकेटं रुळावर आली ती १९६४ साली, स्कॉटलंडमध्ये. ग्लासगो शहरात ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने पोलॉकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या नव्याने वीज आलेल्या पट्ट्यात रुळावरच्या कामगारांना ही जॅकेटं दिली. कामगारांत त्यांना काजवे म्हणू लागले. वीज आली की काय बदलतं, हे ज्याने वाफेचं इंजिन पाहिलंय त्याला सांगायला नको. वाफेचं इंजिन मैलभरावरून भकभक करत, धूर सोडत येतं. विजेची गाडी पाठीमागून आल्याचं कळतसुद्धा नाही. रुळावरच्या माणसाचे कान निकामी झाले, म्हणून ड्रायव्हरच्या डोळ्यांना मदत करायची ठरली.

ग्लासगोच्या त्या जॅकेटने नेमकं काय काम केलं, इथे मोटारसायकलवाल्यांचा वाद थबकायला हवा आणि तो थबकत नाही. ड्रायव्हरने जॅकेट पाहिलं म्हणून गाडी थांबत नाही. शंभरच्या वेगातली गाडी उभी करायला किलोमीटरच्या आसपास जागा लागते. जॅकेट पाहिलं की ड्रायव्हर हॉर्न देतो, गँग बाजूला होते, मेट हात वर करून कळवतो. जॅकेट म्हणजे एक संभाषण सुरू करण्याची सोय होती. त्या संभाषणात दोन्ही बाजू शिकलेल्या असतात. ड्रायव्हरला एकच वाट असते आणि त्या वाटेवर काय शोधायचं ते त्याला पढवलेलं असतं. शिवाय गँगजवळ लूकआउट म्हणून एक माणूस काम सोडून फक्त गाडीकडे डोळे लावून उभा असतो. फाटकाआधी शिटीचा बोर्ड असतो. 'सी/फा' लिहिलेला तो पिवळा चौकोन तुम्ही गाडीतून पाहिला असेल. इतक्या बंदोबस्तात जॅकेट ही शेवटची आणि सगळ्यांत स्वस्त कडी.

ब्रिटनमध्ये रुळावरून हे जॅकेट रस्त्यावर काम करणाऱ्यांकडे, पोलिसांकडे, बंदरातल्या हमालांकडे गेलं. १९९४ साली युरोपने त्यासाठी ईएन ४७१ हे मानक काढलं, कापड किती, पट्टी किती, रंग कोणते. २०१३ मध्ये त्याची जागा आयएसओ २०४७१ ने घेतली. ही सगळी कामाच्या जागेची मानकं, हे लक्षात ठेवावं.

मोटारसायकलवाले दरम्यान काळ्या कातड्यात होते. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये 'परफेक्टो' नावाचं तिरक्या चेनचं कातडी जॅकेट मोटारसायकलवाल्यांसाठी शिवलं, आणि १९५३ च्या 'द वाइल्ड वन' सिनेमात मार्लन ब्रँडोने तसलं जॅकेट घातल्यावर काळा रंग हा त्या जमातीचा जणू गणवेशच झाला. त्यात रुबाब होता आणि अक्कलही होती. कातडं पडल्यावर अंग सोलू देत नाही, आणि काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. आमच्याकडे लोकोशेडमधली माणसं काळसर कपडे का घालत, त्याचं उत्तर तेच.

मग १९८१ साली एक अहवाल आला. कॅलिफोर्नियातल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी आपल्या माणसांसह लॉस एंजेलिसमध्ये मोटारसायकलचे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले, आणि ३,६०० पोलीस अहवाल वाचले. अपघातात दुसरं वाहन असेल तर तीनपैकी दोन वेळा त्या दुसऱ्याने मोटारसायकलचा हक्काचा रस्ता मोडलेला होता. समोरून येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती, निदान त्याचं म्हणणं तसं. हर्ट यांचा निष्कर्ष: दिवसा हेडलाइट लावा, पिवळं, नारिंगी किंवा भडक लाल जॅकेट घाला, अपघात घटतात. पुढे १९९९ ते २००१ मध्ये युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांची अशीच तपासणी झाली, मेड्स नावाने ती ओळखली जाते, आणि तिथेही मुख्य चूक निम्म्या वेळा दुसऱ्या वाहनाच्या चालकाची निघाली.

या वादात सगळ्यांत जास्त उद्धृत होतो तो ऑकलंडचा अभ्यास. न्यूझीलंडमधल्या त्या शहरात १९९३ ते १९९६ या काळात ४६३ जखमी किंवा मृत मोटारसायकलस्वार एका बाजूला, आणि रस्त्यावर सहज थांबवून विचारलेले १,२३३ मोटारसायकलस्वार दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. २००४ मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांची जोखीम ३७ टक्क्यांनी कमी निघाली. दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांची २७ टक्क्यांनी. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांची २४ टक्क्यांनी. कपड्यांचा पुढचा साधा रंग कोणता, मोटारसायकलचा रंग कोणता, याने मात्र फरक पडलेला दिसला नाही.

जॅकेटवाले ३७ चा आकडा घेऊन नाचतात. विरोधक म्हणतात, असं जॅकेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असतो. वाचवलं ते जॅकेटने की स्वभावाने? अभ्यासकांनी वय, अनुभव, दारू वगैरे हिशेबात धरायचा प्रयत्न केला होता, पण स्वभाव मोजायची पट्टी कोणाकडे आहे? मला दोघांचंही थोडंथोडं पटतं. पांढऱ्या हेल्मेटबद्दल मात्र मला विशेष वाटतं, कारण तिथे हेल्मेट सगळेच घालतात, भित्रे आणि धटिंगण दोन्ही, आणि रंग निवडताना फारसा कोणी जिवाचा विचार करत नाही. तरीही फरक दिसला.

आता इंजिनातून पाहिलेल्या त्या मुरमाच्या कटिंगकडे येतो. माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर विद्वानांनी प्रयोग केले आहेत. १९९६ मध्ये ससेक्स विद्यापीठात चित्रांवरून तपासलं तेव्हा भडक कपड्यांचा फायदा सरसकट दिसेना. मागे काय आहे त्यावर तो ठरत होता. २०१२ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या अभ्यासकांना असं आढळलं की शहरात, जिथे मागे दुकानं, पाट्या, माणसं यांची रंगीबेरंगी गर्दी असते, तिथे पांढरे आणि परावर्तक कपडे आधी दिसतात; पण मोकळ्या महामार्गावर, जिथे मागे नुसतं उजळ आकाश असतं, तिथे काळे कपडे घातलेला स्वार आधी दिसतो. म्हणजे ब्रँडोचं जॅकेट सगळ्याच रस्त्यांवर वाईट नव्हतं. रंगापेक्षा पार्श्वभूमीशी असलेला फरक महत्त्वाचा. आणि पार्श्वभूमी स्वार बदलू शकत नाही. नाशिकहून सिन्नरला जाईपर्यंत ती दहा वेळा बदलते.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे डोळ्यांसमोर असून न दिसणं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या २०१७ च्या प्रयोगात लोकांना रस्त्याचे फोटो दाखवून हा रस्ता सुरक्षित आहे की धोक्याचा, एवढंच विचारलं. शेवटच्या फोटोत मध्येच एक जादा वाहन घातलं होतं, कुणाला टॅक्सी, कुणाला मोटारसायकल. टॅक्सी ३१ टक्के लोकांच्या लक्षात आली नाही. मोटारसायकल ६५ टक्के लोकांच्या. ती लहान किंवा अंधूक होती म्हणून नव्हे. डोक्याने तिची वाटच पाहिलेली नव्हती.

आणि दिसली तरी अंदाज चुकतो. हर्शल लीबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल लिहिलं की मोठी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा सावकाश येताना दिसते. फाटकाच्या दांड्याखालून सायकल घुसवणारा माणूस नेहमी म्हणतो, "साहेब, गाडी लांब होती." त्याला ती खरंच सावकाश दिसलेली असते. मोटारसायकलची गत वेगळ्या वाटेने तीच: ती लहान, म्हणून आहे त्यापेक्षा दूर वाटते, आणि समोरच्याला वाटतं, आपण वळून जाऊ. यात जॅकेट काय करणार? जॅकेट माणसाला रुंद करत नाही.

हेडलाइट मात्र थोडं काम करतो, असं निदान मलेशियात दिसलं. १९९२ मध्ये तिथे मोटारसायकलवाल्यांना दिवसा दिवे लावायला लावलं, आणि नंतरच्या अभ्यासात न दिसल्यामुळे होणारे अपघात २९ टक्क्यांनी घटलेले आढळले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. सुरुवातीचे दिवस आठवतात? समोरून येणारा प्रत्येक भला माणूस पाच बोटं उघडमीट करत सांगायचा, "लाइट चालू आहे, लाइट!" सिग्नलला बायका पदर सावरत सांगायच्या, रिक्षावाले ओरडून सांगायचे. वर्षभर नाशकात कोणी अनोळखी माणसाशी इतकं प्रेमाने बोललं नसेल. माझ्या मते तेव्हा दिव्यांचं काम सगळ्यांत चोख चालू होतं, कारण लोक दिव्याकडे बघत होते. आता सगळ्यांचेच दिवे चालू असतात आणि कोणी बोट हलवत नाही.

जॅकेटांचंही तेच होतं. आज पिवळं जॅकेट घालून महापालिकेचा झाडूवाला असतो, मॉलचा पार्किंगवाला असतो, मेट्रोचा कामगार असतो, लग्नाच्या हॉलबाहेर गाड्या लावणारा पोऱ्यासुद्धा. वाहनचालकाच्या डोक्यात पिवळं जॅकेट म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस. ताशी साठने येणारा नव्हे.

फ्रान्समध्ये हा कपडा सरकारच्याच अंगाशी आला, तो किस्सा सांगायला हवा. २००८ पासून तिथल्या प्रत्येक मोटारीत पिवळं जॅकेट ठेवणं सक्तीचं झालं. जाहिरातीत फॅशनवाले कार्ल लागरफेल्ड स्वतः ते जॅकेट घालून उभे होते; त्यांच्या तोंडी मजकूर असा की हे कुरूप आहे, कशावर शोभत नाही, पण जीव वाचवू शकतं. मग १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलवाल्यांनी अंगावर १५० चौरस सेंटिमीटर परावर्तक पट्टी घालावी, असा नियम २०१३ पासून लागू होणार होता. मोटारसायकलवाले रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला धडकतो तो, आणि नटायचं आम्ही? नियम अमलात येण्याआधीच मागे घेतला गेला. २०१६ पासून जॅकेट फक्त जवळ ठेवायचं आणि गाडी बंद पडून रस्त्यात उतरलात तर घालायचं, एवढंच उरलं. म्हणजे फ्रान्सने जॅकेट पुन्हा त्याच्या मूळ जागी नेलं: उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनाच्या करावरून लोक भडकले तेव्हा प्रत्येकाच्या गाडीत गणवेश तयारच होता, आणि पॅरिसच्या रस्त्यांवर पिवळी जॅकेटं सरकारला अगदी व्यवस्थित दिसली.

आपल्याकडचा हिशेब वेगळा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. यांतले किती जण पोपटी जॅकेटने वाचले असते, असा प्रश्न विचारायला मला संकोच वाटतो, कारण इथे बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट बसवणंच जमलेलं नाही. नाशकात २०२१ च्या १५ ऑगस्टपासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपाबाहेर एक हेल्मेट चार डोक्यांवरून फिरताना मी पाहिलं आहे. आणि रात्री आपल्या रस्त्यांवर न दिसणारा कोण असतो? गळीत हंगामात संगमनेर-कोपरगावकडे जाऊन बघा. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांनी झाकलेला, पंक्चर म्हणून रस्त्यातच उभ्या, मागे चार दगड मांडलेले. त्यावर जाऊन आदळणाऱ्या मोटारसायकलवाल्याने कितीही चमकतं जॅकेट घातलं तरी तिथे बघणारा तो आहे, बघायची वस्तू ट्रॉली आहे. दरवर्षी हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. जॅकेटापेक्षा मला त्या मोहिमांचा जास्त भरवसा वाटतो, त्या हंगामभर टिकल्या तर.

रेल्वेतून रस्त्यावर काही न्यायचंच असेल तर मी शिटीचा बोर्ड नेईन. म्हणजे बघणाऱ्याच्या वाटेवर काहीतरी: चौकाआधी वेग तोडायला लावणारा उंचवटा, वळणावर झाडोरा छाटलेला, आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला खरोखर थांबावं लागेल अशी रचना. फटाका ड्रायव्हरच्या चाकाखाली ठेवतात, गँगमनच्या खिशात नाही. रस्त्यावर आपण उलटं केलं: बघण्याची सगळी जबाबदारी काढून घेतली आणि दिसण्याची जबाबदारी कापडावर शिवून ज्याचं अंग उघडं आहे त्याला विकली.

तरी मी जॅकेटच्या विरोधात नाही. पावसाळ्यात, तिन्हीसांजेला, शहराच्या गर्दीत ते घालावं. ऑकलंडचा आकडा निम्मा खरा असला तरी पैसे वसूल. माझा भाचा मुंबई-आग्रा रस्त्यावरून रोज कामाला जातो, त्याला मी तेच सांगितलं, आणि वर सांगितलं की जॅकेटच्या आधी काळं हेल्मेट बदल, पांढरं घे. तो म्हणाला, "मामा, पांढरं घातलं की ट्रॅफिक पोलीस वाटतो."

त्याला मी ब्रिटनमधला एक प्रयोग सांगितला. बाथ आणि ब्रुनेल या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये छापलेला. एका सायकलस्वाराने वेगवेगळे पोशाख घालून रस्त्यावर रोज सायकल चालवली आणि बाजूने पुढे जाणारी मोटार किती अंतर सोडते ते यंत्राने मोजलं. नेहमीचं चमकतं जॅकेट घाला की साधे कपडे, अंतर तेवढंच, सरासरी ११७ सेंटिमीटरच्या आसपास. कुठलाही पोशाख घातला तरी शंभरातले एक-दोन जण अगदी अर्ध्या मीटरच्या आतून घासून जायचेच. एकाच जॅकेटने फरक पडला, ज्याच्या पाठीवर पोलीस असं लिहिलेलं होतं आणि चित्रीकरण चालू असल्याची सूचना होती. तेव्हा अंतर १२२ झालं.

"मग वाटू दे की पोलीस," मी म्हटलं. "पाच सेंटिमीटर जास्त मिळतील."